घाई नाही

वर्षातून एक दिवस असा यायचा की दातवालीला आपल्या पथकातल्या झाडून सगळ्यांचे दात भूल न देता उपटावेसे वाटायचे. तो दिवस वार्षिक सभेचा. एरवी ती शांत बाई होती. दाताच्या डॉक्टरला शांत राहावंच लागतं. समोर तोंड वासून बसलेल्या माणसावर भडकून चालत नाही. पण सभेत वकीलसाहेब उभे राहून वर्षभराच्या कामाचा अहवाल वाचायला लागले की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. चिखल, रक्त, उलट्या, रडारड, एकमेकांना घातलेल्या शिव्या, सगळं त्यांच्या तोंडातून इस्त्री होऊन बाहेर पडायचं. "पथकाने अतुलनीय धैर्याचे दर्शन घडविले." कसलं दर्शन नि कसलं काय! ज्या दिवसाबद्दल हे वाक्य होतं, त्या दिवशी पथक एका ओल्या कपारीत अंग चोरून बसलं होतं आणि बॅटरीचे सेल कोण विसरलं यावरून भांडत होतं.

तेवढं ती सोसायची. दरवर्षी सोसायची. पण यंदाच्या अहवालात धडधडीत खोटं होतं, आणि त्याचं खापर तिच्या डोक्यावर फोडलेलं होतं.

पथक म्हणजे काही सरकारी खातं नव्हे. डोंगरात कोणी पडला, हरवला, अडकला, तर हातातलं काम टाकून धावत सुटणारी गावातलीच माणसं. पगार नाही, भत्ता नाही, घरच्यांची बोलणी मात्र भरपूर. पथकात नावानं कोणी कोणाला हाक मारत नसे. ज्याचा जो धंदा तेच त्याचं नाव. खिडक्यांच्या काचा बसवणारा तो काचवाला. दात काढणारी ती दातवाली. अध्यक्ष होते ते वकीलसाहेब, आणि डोंगरावर ज्यांचा शब्द शेवटचा ते मास्तर.

मास्तर शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे. निम्म्या गावाला त्यांनी गाडी शिकवली होती. शेजारच्या सीटवर बसायचं, पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवायचा, आणि शिकाऊ माणूस गियर टाकताना थरथरायला लागला की म्हणायचं, "घाई नाही, घाई नाही, सावकाश." घाबरून घाम फुटलेली माणसं त्या दोन शब्दांनी शांत व्हायची. दातवालीही गाडी त्यांच्याच शेजारी बसून शिकली होती, कारण मास्तर तिचे सख्खे वडील. घरात बाबा, डोंगरावर मास्तर. डोंगरावर 'बाबा' म्हटलंस तर ओ देणार नाही, असं त्यांनी बजावलं होतं. तिथं कोणी कोणाचं नाही, असं ते म्हणायचे, आणि तिला त्याचा अभिमान वाटायचा. आता तिला त्याच वाक्याची चीड येत होती.

वर्षाची सुरुवात व्हायची दोरांपासून. बर्फ वितळलं की पथकाच्या गॅरेजमध्ये सगळे दोर पसरायचे आणि उघड्या हातांनी, डोळे मिटून, वीत वीत चाचपायचे. बोटाला कुठं मऊ लागलं, कुठं गाठ लागली, की तो दोर बाद. बाद दोराचे तिथल्या तिथं हातभर लांबीचे तुकडे करायचे, म्हणजे कोणी चिकटपणा करून तो पुन्हा वापरायला नको. हे काम मास्तर स्वतः करायचे, आणि त्यांच्या हाताखालून गेलेल्या दोरावर कोणीही बेलाशक लटकत असे.

मग उन्हाळा. उन्हाळ्यात डोंगरावर जे येतात त्यांना बघून देवानं माणसाला अक्कल वाटताना काही गावं वगळली असावीत, असं दातवालीचं मत होतं. चपला घालून कड्यावर जाणारे. पाण्याची बाटली गाडीत आणि गाणी वाजवायचा डबा पाठीवर. एकदा एका जोडप्यानं फोन केला की आम्ही दमलोय, गाडी कुठपर्यंत वर येते? काचवाला फोनवर होता. तो म्हणाला, "गाडी तुम्ही जिथं ठेवलीत तिथपर्यंत येते." पुढं त्या जोडप्यानं पथकाबद्दल तक्रार केली, आणि वकीलसाहेबांनी माफीचं पत्र पाठवलं. पाठवलं म्हणजे काय, आनंदानं पाठवलं. माफी मागायची हौस असलेला तो माणूस होता, फक्त जिथं मागायला हवी तिथं सोडून.

हिवाळ्यात बर्फात माणूस शोधायचा सराव. त्यासाठी कोणीतरी स्वतःला पुरून घ्यायचं आणि बाकीच्यांनी लांब काठ्यांनी टोचत शोधायचं. वकीलसाहेब काठी धरायला उत्साहानं यायचे. पुरून घ्यायची पाळी आली की त्यांना नेमका कोर्टातून फोन यायचा.

आणि या दोन्हींच्या मधे धुक्याचे दिवस. जे झालं ते धुक्यात झालं.

पण त्याआधी पथकाचा एक नियम सांगायला हवा, कारण सगळं त्यावरच घडलं. वायरलेसवर 'मेला' हा शब्द बोलायचा नाही. फार पूर्वी एकदा डोंगराच्या पायथ्याच्या खोलीत एक आई वायरलेसच्या शेजारी बसली होती, आणि वरून कोणीतरी खरखरत सांगितलं, "पोरगं मेलंय, चादर पाठवा." ती बाई जी किंचाळली ते मास्तरांच्या कानातून कधी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी नियम केला: माणूस गेला असेल तर वरून म्हणायचं, "पेशंटला घाई नाही." ऐकणाऱ्यानं काय ते समजायचं आणि पुढं वायरलेसवर एक अक्षर विचारायचं नाही. उचलणाऱ्यांनी पळायचं नाही, जीव धोक्यात न घालता लांबच्या वाटेनं जायचं. पायथ्याच्या माणसानं ॲम्ब्युलन्स सोडून द्यायची, कारण खोऱ्यात ती एकच. आणि मग घरच्या माणसांना बाजूला घेऊन, त्यांच्या डोळ्यांत बघून, स्वतःच्या तोंडानं सांगायचं.

नियम चांगला होता. माणुसकीचा होता. शेजारच्या खोऱ्यातली पथकंसुद्धा तो उचलून वापरत होती. फक्त वापरून वापरून नाणं झिजतं तसा त्यातला पहिला शब्द झिजून गेला. 'पेशंटला' म्हणायचा कंटाळा यायला लागला आणि नुसतं 'घाई नाही' उरलं. मास्तर गाडीत दिवसातून शंभरदा म्हणायचे तेच. कोणाच्या लक्षात आलं नाही. दातवालीच्याही नाही.

त्या दिवशी एक सुतार डोंगरावरून घळीत पडला. चपलेवाला नव्हता, चांगला बूट घालून, वाट माहीत असलेला माणूस. ओल्या दगडावरून पाय सटकला, एवढंच. मांडीच्या खाली पाय दोन ठिकाणी मोडला होता. मास्तर जवळच दोरांच्या कामाला वर गेले होते, ते एकटे आधी पोचले. खालून काचवाला आणि आणखी तिघं स्ट्रेचर घेऊन निघाले. पायथ्याच्या खोलीत वायरलेसवर दातवाली, बाहेर ॲम्ब्युलन्स, आणि बाकावर सुताराची बायको. कपड्यांना इस्त्री करून द्यायचं तिचं दुकान होतं. हात सतत चालू असायची सवय. बसल्या बसल्या ती स्वतःच्या ओढणीच्या घड्या घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती.

घळीच्या आत वायरलेस लागत नाही. बोलायचं तर काठावर यावं लागतं. मास्तर काठावर आले, तेव्हा सुताराची बायको गाडीतून नवऱ्याचे कोरडे कपडे आणायला गेली होती. दातवालीला खरखरीतून वडिलांचा आवाज आला. स्वच्छ आला. "घाई नाही... घाई नाही, सावकाश या." मग खरखर.

तिनं नियमाप्रमाणे काही विचारलं नाही. ॲम्ब्युलन्सवाल्याला हातानं खूण केली. पलीकडच्या वाडीत एका म्हातारीला श्वास घेता येत नव्हता, तो तिकडं गेला. सुताराची बायको कोरडी पँट, सदरा आणि मोजे घेऊन आत आली. दातवालीनं ते कपडे तिच्या हातातून घ्यायचा प्रयत्न केला, तिनं सोडले नाहीत. मग तशीच, कपडे दोघींच्या हातांत असताना, ती तिला म्हणाली की तुमचे यजमान गेले.

त्या बाईनं काय केलं ते दातवालीनं कधी कोणाला सांगितलं नाही. शेवटी तिनं सासूला फोन केला, एवढं सांगण्यासारखं आहे.

वर काय झालं होतं? घळीच्या तोंडाशी दगड सुटे होते. धुकं क्षणभर विरळ झालं तेव्हा खालून स्ट्रेचरवाले पळत येताना मास्तरांना दिसले. एक जरी घसरला असता तरी दगडांचा लोंढा थेट सुताराच्या अंगावर आला असता. शेजारच्या सीटवरच्या माणसाच्या तोंडून जे इतकी वर्षं निघत आलं तेच निघालं. स्ट्रेचरवाल्यांनी आपल्या वायरलेसवर ते ऐकलं, पळायचे थांबले, आणि माणूस गेलाय असं समजून लांबच्या वाटेला लागले. वर पोचतात तो सुतार जिवंत, पाणी मागतोय. सुट्या दगडांत स्ट्रेचर सोडून काठावर जायला कोणी मोकळं नव्हतं. त्याला उचलून घळीबाहेर आणेपर्यंत, वायरलेस लागेपर्यंत, ॲम्ब्युलन्स खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. ती परत यायला संध्याकाळ झाली. तोवर पायात रक्त पोचायचं थांबून फार वेळ झाला होता. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

माणूस वाचला. वकीलसाहेबांच्या दृष्टीनं ही मोहीम यशस्वी.

आठवड्यानं समिती बसली. दातवालीनं सांगितलं, जे ऐकलं ते. मास्तर म्हणाले, "मी तसं म्हणालो नाही." ते खोटं बोलत नव्हते, हेच तर डोकं फिरवणारं होतं. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. मग वकीलसाहेबांनी स्ट्रेचरवाल्यांना विचारलं. काचवाल्यानं मास्तरांकडे बघितलं, मग जमिनीकडे बघितलं, आणि म्हणाला, "नीट आठवत नाही. धुकं होतं."

धुकं होतं! धुक्यानं कान बंद होतात हे दातवालीला त्या दिवशी कळलं. तिघांनीही तेच सांगितलं. नीट आठवत नाही. मग कशाला लांबच्या वाटेनं गेलात रे, निसर्ग बघायला? तिनं हे विचारलं तेव्हा सगळे मूग गिळून बसले. मास्तरांना कोणी दुखवायचं? सगळ्यांना दोर धरायला त्यांनीच शिकवलेलं. वकीलसाहेबांनी मान हलवत लिहून टाकलं की पायथ्याच्या केंद्रावर संदेश ऐकण्यात त्रुटी राहिली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तीसुद्धा शुद्ध मराठीत.

घरी तिनं दातांच्या कण्या केल्या.

"बाबा, तुम्ही म्हणालात. मी ऐकलंय."

"अगं, तो शब्द मी केलाय. ज्यानं नियम केला तोच कसा मोडेल?"

"मोडला नाहीत, तुमच्या तोंडातून गेला. दिवसभर तुमचं तेच चालू असतं. परवा दूधवाल्याला सुट्टे मोजताना तुम्ही तेच म्हणालात."

"दूधवाल्याला म्हणालो असेन. गाडीत म्हणत असेन. डोंगरावर नाही." ते कपबशी विसळत होते, विसळतच राहिले. "तुला ऐकू यायला चूक झाली तर त्यात लाज काय? माणसाच्या हातून होतं."

"तुमच्या हातून होत नाही का?"

त्यांनी कपबशी फळीवर पालथी घातली. रागावले नाहीत. त्यांनी रागवावं, आदळआपट करावी असं तिला फार वाटत होतं. मग तिलाही घर डोक्यावर घेता आलं असतं. पण शांत माणसाशी भांडणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. आपलेच दात नि आपलेच ओठ. दुसऱ्यांचे दात ती रोज उपटत होती, स्वतःच्या घरातल्याला हात लावता येत नव्हता.

सुताराची बायको एकदा बाजारात समोरून आली. दातवालीला बघितलं आणि रस्ता ओलांडून पलीकडं गेली. बरोबरच होतं. जिवंत नवऱ्याला मेला म्हणून सांगणाऱ्या, कान धड नसलेल्या बाईचं तोंड कोण बघेल? दातवाली दवाखान्यात आली आणि त्या दिवशी तिनं एका माणसाला, दात घासत जा म्हणून, इतकं झापलं की तो पुन्हा आलाच नाही.

आणि आता वार्षिक सभा, आणि वकीलसाहेबांनी कळस केलेला. सुताराला आणि त्याच्या बायकोला पाहुणे म्हणून बोलावलं होतं. त्यांच्या हस्ते पथकाचा सत्कार. ज्याचा पाय आपल्यामुळं गेला त्याच्याकडून टाळ्या घ्यायच्या, याला कोडगेपणा म्हणतात. वकीलसाहेब त्याला ऋणानुबंध म्हणत होते.

"आज मी उठून बोलणार आहे," सकाळी निघताना ती वडिलांना म्हणाली. "सगळं. त्या दोघांच्या समोर."

"बोल," ते म्हणाले. "मला विचारलं तर मी म्हणेन, मी तसं म्हणालो नाही. खोटं मला सांगता येणार नाही."



सभा शाळेच्या व्यायामशाळेत होती. घडीच्या खुर्च्या, भिंतीला लागून गाद्यांच्या थप्प्या, पुढं लाकडी मंच आणि त्याला तीन अरुंद पायऱ्या. सुतार कुबड्या घेऊन आला. रुंद खांद्यांचा, लाजरा माणूस. पँटचा एक पाय वर दुमडून शिवलेला होता, आणि ती शिवण इतकी नीटस, इतकी कडक इस्त्री केलेली, की दातवालीला तिकडं बघवेना. मंचाच्या पायऱ्या तो अंग तिरकं करून, एकेक करत चढला. काचवाला त्याला हात द्यायला पुढं धावला. मास्तरांनी खुर्ची ओढून दिली. सगळे कसे तत्पर! सुताराची बायको पहिल्या रांगेत बसली. दातवालीकडे तिनं मान वळवली नाही.

वकीलसाहेबांनी अहवाल सुरू केला. दोरांची तपासणी यशस्वी. हिमसराव यशस्वी. शाळांमध्ये व्याख्यानं यशस्वी. मग धुक्यातल्या मोहिमा, आणि मग ते वाक्य. "प्रतिकूल हवामान व पायथ्याच्या केंद्रावरील संदेशग्रहणातील त्रुटीमुळे रुग्णवाहिकेस किंचित विलंब झाला."

किंचित!

दातवाली दातओठ खात बसली.  अहवाल संपला की चर्चा, तेव्हा उठायचं, असं तिनं ठरवलं होतं. मनात वाक्यं जुळवलेली होती. पण वकीलसाहेबांनी चर्चा गाळली. हसून म्हणाले, "आता शब्द नकोत, आता अनुभव ऐकू या," आणि माईक सुताराच्या हातात दिला.

सुतार उठायला लागला. बसूनच बोला, असं सगळे म्हणाले, तरी तो उठला. एक कुबडी काखेत, एका हातात माईक.

"मला बोलता येत नाही," तो म्हणाला. "लाकडाशी बोलतो मी, माणसांशी ही बोलते." बायकोकडे बघून तो हसला. "पाय गेला. सुरुवातीला वाईट वाटलं, अजून वाटतं. पण मी आहे. मला फक्त मास्तरांबद्दल सांगायचंय. कोणाला ठाऊक नसेल म्हणून."

मास्तर खुर्चीत अवघडून बसले. कौतुक त्यांना सोसत नसे.

"मी घळीत पडलेलो. वरून खडे येत होते, कानाशी येऊन पडत होते. मला वाटलं, संपलं. मास्तर काठावर गेले नि त्या यंत्रात बोलले. मला अगदी स्पष्ट ऐकू आलं. 'घाई नाही,' म्हणाले. 'घाई नाही, सावकाश या.'" सुतार थांबला. त्यानं मास्तरांकडे बघितलं. "इतकं शांतपणे! मी मनात म्हटलं, या माणसाला घाई नाही, म्हणजे मी काही आज मरत नाही. तेवढे दोन शब्द धरून मी पडून राहिलो. दवाखान्यात पाय कापायला नेलं तेव्हापण तेच म्हणत होतो. घाई नाही, घाई नाही. अजूनही सकाळी उठताना म्हणतो, मग उभं राहता येतं. मास्तर, तुमच्या त्या दोन शब्दांनी मी जगलो."

सगळ्या पथकाची दातखीळ बसली. काचवाला खाली बघत होता, पण आता जमिनीतही त्याला जागा सापडत नव्हती. दातवालीनं वडिलांकडे बघितलं. त्यांचं तोंड किंचित उघडं होतं आणि चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं. त्यांना ऐकू आलं होतं. महिनोन्‌महिने मुलीकडून जे ऐकून घेतलं नाही, ते आता त्यांना ऐकू आलं होतं.

वकीलसाहेबांनी टाळ्या सुरू केल्या. एकट्यानंच. जोरात.

"बंद करा त्या टाळ्या," दातवाली म्हणाली. ती कधी उठली ते तिला कळलं नव्हतं. जुळवलेली वाक्यं सगळी गेली होती. "बाबा, सांगा त्यांना."

पथकाच्या माणसांसमोर तिनं त्यांना बाबा म्हटल्याची ही पहिलीच वेळ. मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात विनवणी होती, नको म्हणून नव्हे. तू सांग, मला जमणार नाही, अशी. तिला दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "मी खूप सांगितलं. आता तुम्ही."

मास्तर उभे राहिले. माईक त्यांनी घेतला नाही. "आमच्यात एक रीत आहे," ते सुताराला म्हणाले. "वायरलेसवर, माणूस गेला असं म्हणत नाही आम्ही. घरची माणसं ऐकत असतात. त्याऐवजी म्हणतो, घाई नाही."

सुतार अजून हसतच होता. एखाद्या गोष्टीचा शेवट ऐकायला थांबावं तसा. "पण तुम्ही तर मला धीर द्यायला..."

"नाही." मास्तरांचा आवाज फुटला. "तुम्हाला नाही म्हणालो मी. खालून येणाऱ्यांना म्हणालो, दगड सुटे होते म्हणून. त्यांना वाटलं तुम्ही गेलात. ते लांबून आले. खाली हिला वाटलं तुम्ही गेलात, हिनं ॲम्ब्युलन्स सोडली. हिनं बरोबर ऐकलं होतं. चूक माझी."

सुताराच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही. ते तिथंच राहिलं, नुसतं, मागं कोणी नसल्यासारखं. मग त्यानं माईक खुर्चीवर ठेवला. त्याच्याकडे दोन शब्द होते, रोज सकाळी उभं राहायला. तेही आता काढून घेतले होते.

त्याची बायको उठली. ती मास्तरांकडे गेली नाही, वकीलसाहेबांकडे गेली नाही. सरळ दातवालीपुढं येऊन उभी राहिली.

"म्हणजे तुम्हाला नीट ऐकू आलं होतं."

"हो."

दातवालीला वाटलं, आता ही हात धरेल. आता ही म्हणेल, मी तुम्हाला उगाच दोष दिला. इतके महिने ती याच एका वाक्यासाठी जळत होती.

"पहिल्या दिवसापासून तुम्हाला ठाऊक होतं, पाय का गेला ते."

"मी समितीला सांगितलं होतं. कितीदा सांगितलं, विचारा यांना..."

"समितीचा पाय गेला नाही," ती बाई म्हणाली. "तुम्हाला माझं घर ठाऊक होतं. दुकान ठाऊक होतं. रस्त्यात मी तोंड फिरवून गेले तेव्हा हाक मारता आली असती. हा रोज सकाळी मास्तरांचं नाव घेऊन उठत होता, आणि तुम्ही सगळ्यांनी घेऊ दिलं."

दातवालीच्या घशात इतका राग होता, वर्षभराचा, वकीलसाहेबांवरचा, काचवाल्यावरचा, आणि तो सगळा बाहेर पडायला निघालेला असताना तोंडातून एवढंच आलं: "ते माझे वडील आहेत."

"आणि हा माझा नवरा आहे."

तिनं हे ओरडून म्हटलं नाही. एवढं बोलून ती वळली आणि मंचाच्या पायऱ्यांपाशी जाऊन थांबली.

सुतार पायऱ्या उतरायला लागला. मास्तर एक पाऊल पुढं झाले, त्यानं त्यांच्याकडे न बघता मान हलवली. आधी कुबडी खालच्या पायरीवर, मग पाय, मग दुसरी कुबडी. पायरी अरुंद होती. एकदा कुबडी सरकली, त्याच्या बायकोनं खालून खांदा लावला आणि त्याला सावरलं. दार लांब होतं, पूर्ण व्यायामशाळा ओलांडून. दगडधोंड्यांतून, बर्फातून, कड्यावरून माणसं उचलून आणायचा वर्षभर सराव केलेली ती सगळी माणसं आपापल्या जागी बसून राहिली. एकाचाही हात पुढं झाला नाही. दातवालीचाही नाही.